नाल कोणाच्या खिशात? सिकंदराबादचा रमीचा डाव, लातूरचे पत्ते आणि अर्धाच लक्षात राहिलेला निकाल

२० जुलै २०२५ रोजी लातुरात राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोरच्या टेबलावर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते फेकले. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीच्या आधारे झाला होता. पडद्यावर आलेली जाहिरात आपण बाजूला सारत होतो, असे कोकाटे यांचे म्हणणे. पत्ते फेकणाऱ्यांना लातुरातच मारहाण झाली आणि प्रकरण राज्यभर गाजले. ३१ जुलैला कोकाटे यांच्याकडून कृषी खाते काढून घेण्यात आले. मिळाले ते क्रीडा व युवक कल्याण. रमीला ‘कौशल्याचा खेळ’ ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्यांना ठाऊक होता, त्यांना या खातेबदलातील विनोद जरा जास्तच कळला असेल.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि पैसे लावून खेळले जाणारे रमी-पोकरचे सारे ॲप देशभर थंडावले.

या दोन घटनांची चर्चा झाली ती एकाच प्रश्नाभोवती: रमी हे कौशल्य की नशीब? हा धागा असे मांडतो की हा प्रश्न मुळात दुय्यम आहे. जुगारविषयक कायद्याच्या इतिहासात खरा प्रश्न वेगळाच होता, तो मराठवाड्याला लागू असलेल्या एका जुन्या कायद्याच्या खटल्यात स्पष्टपणे विचारलाही गेला होता, आणि नंतर सगळ्यांनी तो सोयीस्करपणे विसरून टाकला. विसरण्याची किंमत खेळणाऱ्याने मोजली. नांदेडच्याही आणि न्यूयॉर्कच्याही.

त्या प्रश्नासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: नाल. पत्त्यांच्या अड्ड्यावर जो जागा देतो, सतरंजी घालतो, पत्ते पुरवतो, तो प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. त्या वाट्याला नाल म्हणतात. खेळणारे जिंको वा हरो, नाल घेणारा कधी हरत नाही. पोकरच्या इंग्रजी परिभाषेत याच वाट्याला ‘रेक’ म्हणतात आणि ॲपच्या भाषेत ‘प्लॅटफॉर्म शुल्क’. शब्द बदलले, खिसा तोच.

आता थोडे मागे जायला हवे. (जुगारावरचे बहुतेक लेखन द्यूतपर्वापासून सुरू होते. इथे ते नको. शकुनीला कायदा लागू नव्हता.)

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आला, मुंबई इलाख्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. मराठवाडा मात्र या दोहोंच्या बाहेर होता. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा जुगारविषयक कायदा होता, फसली सन १३०५ चा, म्हणजे इसवी १८९५-९६ चा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची ती कारकीर्द. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि उर्दूत जुगार म्हणजे किमारबाजी. पुण्याच्या आणि नांदेडच्या जुगाऱ्याला पकडणारे कायदे अशा रीतीने वेगळे होते, जरी दोन्हींचा सांगाडा १८६७ च्याच साच्यातला होता.

तो साचा लक्षात घेण्याजोगा आहे. या कायद्यांचे मुख्य लक्ष्य खेळ नव्हे, तर घर होते. ‘सार्वजनिक जुगारगृह’ म्हणजे काय, याची व्याख्या त्यांच्या केंद्रस्थानी होती, आणि व्याख्येचा कणा असा की जागेचा मालक किंवा चालक त्या जागेच्या, साधनांच्या वापरातून नफा मिळवतो. म्हणजे नाल. अशा घरात सापडलेला खेळाडूही गुन्हेगार ठरे, पण घराला ‘जुगारगृह’ बनवणारी गोष्ट होती ती चालकाचा नफा. याच कायद्यांत शेवटाकडे एक छोटे कलम होते: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. हैदराबादच्या कायद्यात ते चौदावे, मुंबईच्या कायद्यात तेरावे. बुद्धिबळ, बिलियर्ड्स खेळणाऱ्यांना पोलिसांनी त्रास देऊ नये, इतकाच त्याचा माफक हेतू दिसतो. पुढे याच छोट्या कलमातून हजारो कोटींचा उद्योग बाहेर पडला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, पण तिचे कायदे एका रात्रीत गेले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर १८८७ चा मुंबई कायदा इथे लागू झाला. तेलंगण आंध्र प्रदेशात गेला. तिथे मात्र फसली १३०५ चा कायदा तसाच चालू राहिला. एकाच कायद्याखाली राहिलेली दोन भावंडे इथे वेगळी झाली. नांदेडची रेल्वे आजही सिकंदराबादच्या मुख्यालयाकडे पाहते, कायदा मात्र मुंबईकडे पाहू लागला.

आणि त्या सिकंदराबादेतच तो प्रसिद्ध खटला घडला. ४ मे १९६३ रोजी पोलिसांनी क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर छापा घातला. आत रमीचा डाव रंगला होता, पैसे पणाला लागले होते आणि खेळणाऱ्यांत क्लबचे पदाधिकारीही होते. दंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण’ या नावाने ओळखला जाणारा निकाल नोव्हेंबर १९६७ मध्ये आला. लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. रमीत कोणते पत्ते पडून गेले हे ध्यानात ठेवावे लागते, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे याला कसब लागते, म्हणून तीन पत्तीसारखा तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. तो मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने म्हटले.

हा निकालाचा पूर्वार्ध. पुढच्या साठ वर्षांत प्रत्येक कंपनीच्या वकिलाने तो तोंडपाठ केला.

उत्तरार्ध असा: क्लबने खेळणाऱ्यांकडून जो किरकोळ आकार घेतला, त्याकडे न्यायालयाने सोयींचा मोबदला म्हणून पाहिले. क्लबला पत्ते, जागा, नोकरचाकर यांचा खर्च असतो. सभासदांकडून तेवढे घेणे म्हणजे जुगारावर नफा कमावणे नव्हे. मात्र, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून किंवा इतर कोणत्याही खेळातून घराचा किंवा क्लबचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही त्याच निकालात नमूद आहे. रमी कौशल्याची असली तरीही.

याचा अर्थ सरळ आहे. न्यायालयाने खेळाला अभय दिले होते, नालाला नाही. ज्या ॲपचा संपूर्ण व्यवसाय प्रत्येक डावातून वाटा काढण्यावर उभा होता, ते ॲप क्रेसेंट क्लबच्या सभासदांची ढाल पुढे करत होते. ती ढाल त्यांच्या मापाची नव्हतीच. कंपन्यांच्या बाजूने असे म्हणता येईल, आणि काही उच्च न्यायालयांनी ते मान्यही केले, की खेळ एकदा कौशल्याचा ठरला की त्याभोवतीचा धंदाही वैध ठरतो. युक्तिवाद म्हणून तो पोकळ नाही. पण १९६७ च्या निकालातील नफ्याविषयीचे वाक्य वाचून हा निष्कर्ष काढायला बरीच कसरत करावी लागते.

‘ऑनलाइन’ हा शब्द पाहून हा प्रश्न नवा वाटतो, तोही भ्रम आहे. १९५७ मध्येच सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबई राज्याचा एक खटला होता, चमारबागवाला यांचा. बंगळुरूला छापले जाणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे वृत्तपत्र बक्षिसांच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवी आणि ते मुंबई राज्यातही मोठ्या प्रमाणावर खपे. छपाई मैसूर राज्यात, खेळाडू मुंबईत, पैसा सीमेपलीकडे. मग कायदा कोणाचा? खेळणारे मुंबई राज्यात आहेत, तेवढा संबंध पुरे, असे न्यायालय म्हणाले. आणि जुगार हा संविधानाने संरक्षित केलेला व्यापार नाही, असेही. सर्व्हरच्या जागी छापखाना ठेवला की चित्र तेच दिसते.

तरीही एकविसाव्या शतकात राज्याराज्यांनी जे केले, ते पाहून इतिहासाच्या विद्यार्थ्याला निजामी-इंग्रजी सरहद्दीची आठवण व्हावी. २०१७ मध्ये तेलंगणाने आपला कायदा बदलून पैशांच्या ऑनलाइन रमीवर बंदी घातली. ज्या भूमीवरील खटल्याने रमीला अभय मिळवून दिले, तिनेच ते काढून घेतले. महाराष्ट्रात मात्र १८८७ च्या कायद्यातील कौशल्याचा अपवाद होता तसाच राहिला. परिणामी धर्माबादेत बसलेल्याला ॲप उघडे, गोदावरीकाठीच बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेला की बंद. देगलूरला चालू, पलीकडे मदनूरला नाही. ऑक्टोबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात कर्नाटकातही बंदी होती, तेव्हा उदगीर आणि बिदर यांच्यातही हीच रेघ ओढली गेली. मग तिथल्या उच्च न्यायालयाने ती पुसली. १८८७ चाच कायदा वारशाने मिळालेल्या गुजरातेत उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. खेळ एक, कायद्याचा मजकूर जवळजवळ एक, खेळाडूही सारखेच. बदलत होते ते फक्त मोबाइलचे ठिकाण.

हा गोंधळ अमेरिकेने आधीच अनुभवला होता, आणि त्याची किंमत कोणी मोजली याचा हिशेब तिथे अधिक स्पष्ट दिसतो.

२००३ मध्ये टेनेसीचा ख्रिस मनीमेकर हा लेखापाल ऑनलाइन पात्रता फेरीतून थेट पोकरच्या विश्वस्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. (आडनाव खरेच तेच आहे.) त्याचे पाहून असंख्य अमेरिकन तरुण संगणकावर पोकर खेळू लागले, काहींनी तोच पेशा केला. ऑक्टोबर २००६ मध्ये बंदरांच्या सुरक्षेविषयीच्या एका कायद्याला जोडून ऑनलाइन जुगाराच्या पैशांची देवाणघेवाण रोखणारा कायदा संमत झाला. त्यात खेळाडूला शिक्षा नव्हती. रोख होता तो कंपन्यांवर आणि पैसे पोहोचवणाऱ्यांवर. कागदावर खेळाडू सुरक्षित होता.

१५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या कंपन्यांच्या चालकांवर आरोपपत्र ठेवले आणि त्यांची संकेतस्थळे ताब्यात घेतली. अमेरिकन खेळाडू या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. त्यांच्या खात्यांतील पैसे गोठले. सप्टेंबरात उघड झाले की फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते आणि बँकेत उरले होते सुमारे ६ कोटी. खेळाडूंची ठेव मालकांनी वाटून घेतली होती. पुढे पोकरस्टार्सने सरकारशी ७३.१ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातून फुल टिल्टच्या ग्राहकांची भरपाई ठरली, आणि अमेरिकन खेळाडूंच्या हाती पहिले पैसे पडले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. जवळपास तीन वर्षे. ज्यांचा चरितार्थच पोकरवर होता, त्यांतले अनेक जण कॅनडा-मेक्सिकोत बिऱ्हाड हलवून बसले.

कौशल्याचा वाद तिथेही झाला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पोकरचा अड्डा चालवणाऱ्या एका इसमाच्या खटल्यात न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनी २०१२ मध्ये पोकर हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सविस्तर निकालपत्र दिले. वर्षभरात वरिष्ठ न्यायालयाने ते उलटवले. त्याने पोकर नशिबाचा आहे असे म्हटलेच नाही. प्रश्न जुगाराचा धंदा चालवण्याचा आहे, खेळात कौशल्य किती हा नाही, असे त्याचे म्हणणे. तो अड्डा प्रत्येक डावातून पाच टक्के काढून घेत होता. म्हणजे नालच. सिकंदराबादचा उत्तरार्ध न्यूयॉर्कमध्ये जणू नव्याने लिहिला गेला.

भारतात मात्र सरकारने दरम्यान आणखी एक पाऊल टाकले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन गेमिंगवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि तोही कंपनीच्या शुल्कावर नव्हे, खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर. उदगीरच्या एखाद्या तरुणाने शंभर रुपये टाकले, तर डाव वाटला जाण्याआधीच त्यावर कर पक्का. कंपनीचा नाल वेगळा, सरकारचा वेगळा. ज्या व्यवहाराला राज्यसंस्था अनैतिक मानत होती, त्याच्या टेबलाशी ती स्वतः वाटेकरी म्हणून बसली. १९६९ पासून लॉटरी चालवणाऱ्या महाराष्ट्राला यात नवे काही वाटू नये. लॉटरीत तर कौशल्याचा बहाणाही लागत नाही.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने हा सगळा पट उधळला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणे बेकायदा. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो पीडित मानला गेला. यात एक गोष्ट निःसंशय योग्य झाली: कायद्याचे बोट अखेर नाल घेणाऱ्याकडे वळले, आणि पत्ते हातात धरणाऱ्याला गुन्हेगार म्हणण्याची १८६७ पासूनची सवय निदान मोबाइलपुरती सुटली.

पण हे वळण दोन दिवसांच्या संसदीय कामकाजात आले. विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले, २१ ला राज्यसभेत संमत झाले. आधी दोन वर्षे कर घेतला, मग एका आठवड्यात दार लावले. मधल्या काळात ज्याने कर्ज काढून डाव लावले, त्याच्या कर्जाविषयी कायद्यात अवाक्षर नाही. आता परदेशातून चालणाऱ्या ॲपवर तो गेला आणि त्यांनी पैसे बुडवले, तर दाद कुठे मागणार? भारतीय करार कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार मुळातच शून्य आहे; जिंकलेले पैसे न्यायालयातून वसूल होत नाहीत. न्यूयॉर्कच्या खेळाडूला तीन वर्षांनी का होईना, सरकारने वसूल करून दिलेली रक्कम मिळाली. त्या तोडीची तरतूद इथे झालेली नाही.

बंदीने खेळ थांबतो का, याचे उत्तर महाराष्ट्राला मटक्याने कधीच दिले आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद होते भाव मुंबईत तारेने येत आणि त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. १९६० च्या सुमारास तो स्रोत आटला, तेव्हा धंदा बंद पडला नाही. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडा मडक्यातून आणि पत्त्यांतून काढायला सुरुवात केली. पिकवणारा मराठवाडा, भाव न्यूयॉर्कचा, आकडा मुंबईचा, आणि तो खेळला जाई पुन्हा मराठवाड्यातल्या टपरीवर. ओपन-क्लोज हे शब्द अजून जिवंत आहेत. बेकायदा अड्ड्यावर नाल कमी होत नाही, फक्त त्याची पावती मिळत नाही.

म्हणून मागणी करायची तर ती ‘रमी कौशल्याची की नशिबाची’ या वादाच्या नव्या फेरीची असू नये. नाल किती, तो कोण घेतो, खेळाडूची ठेव कोणाच्या ताब्यात असते आणि ती बुडाली तर भरून कोण देतो, या चार गोष्टी कायद्यात लिहिल्या जायला हव्यात. बंदी ठेवायची असेल तरी, आणि उठवायची असेल तर त्याहून अधिक. जुगार हा विषय सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या चौतिसाव्या नोंदीत आहे, तेव्हा केंद्राला हा कायदा करता येतो का, हाही प्रश्न आहेच. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. त्या युक्तिवादांत सत्यनारायण खटल्याचा उल्लेख होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यातला कोणता अर्धा भाग वाचला जाईल, एवढेच पाहायचे.

दरम्यान १८८७ चा कायदा महाराष्ट्रात जागच्या जागी आहे. नांदेडजवळच्या एखाद्या शेतातील पत्र्याच्या शेडवर छापा पडला, तर तीन पत्ती खेळताना सापडलेला माणूस आजही आरोपी म्हणून पोलिस ठाण्यात जातो. तोच खेळ त्याने घरी बसून मोबाइलवर पैसे लावून खेळला असता, तर नव्या केंद्रीय कायद्याच्या नजरेत तो पीडित ठरला असता.